भूपेंद्रची मूठ

रविवार, ८ जून

आज दुपारी आमरसाची वाटी अर्धी झालेली असताना भूपेंद्रने सांगितलं की तो आता येशूला मानतो. "नाना, मी विश्वास ठेवलाय," हे त्याचे शब्द. मी विचारलं, कशावर? म्हणाला, "प्रभू येशूवर." आणि वाटी बाजूला सरकवून ठेवली, जशी काही ती आता काढून घेतली जाणार.

मी ओरडलो नाही. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून कोणी बोंबलत दुकानात आलं तरी मी आधी झाकण उघडतो, मग बोलतो. पद्धतशीर विचारलं. कधीपासून? डिसेंबरपासून. नादी कोणी लावलं? कोणी नाही. धुळ्यात कुठे? देवपुरात आधारकाका म्हणून एसटीतले रिटायर मेकॅनिक आहेत, त्यांच्या घरी रविवारी प्रार्थना असते. पैसे देतात का? इथे तो हसला. "चहाचं दूधसुद्धा आम्ही आळीपाळीने नेतो नाना." नाव बदललं? नाही. बाप्तिस्मा? अजून नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय घ्यायचा नव्हता.

त्याची आई प्रमिला मध्येच म्हणाली, "रस तरी पूरा कर ना रे भाऊ." त्याने पूर्ण केला.

मुलगा तेवीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला, तीन वर्षं धुळ्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आहे. मी दहावी नापास. वायंडिंग मला कोणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उलगडून उलगडून शिकलो, आणि आज अमळनेरात डिप्लोमावाले माझ्याकडे विचारायला येतात. याला सगळं शिक्षण तयार मिळालं आणि हा फसतो? बिघाड कुठेतरी असणार. असला की सापडतो.

सोमवार, ९ जून

त्याला दुकानात घेऊन गेलो. कॉइल भरता भरता विचारलं, डिसेंबरच का?

म्हणाला, "निकाल लागला होता. दोन मार्कांनी गेलो. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, कोणते दोन प्रश्न चुकले ते लिहून ठेव."

"बरोबरच म्हणालो."

"हो. त्या संध्याकाळी मी पांझरेच्या पुलावर गेलो होतो. कठड्यावर बसलो, पाय बाहेर सोडून."

मी म्हणालो, डिसेंबरात पांझरेला पाणी कुठे असतं? घोटाभरसुद्धा नाही. त्याने हातातली तार खाली ठेवली. "पाण्यासाठी नव्हतो गेलो नाना," म्हणाला. तेवढ्यात कळमसऱ्याचं गिऱ्हाईक पंप घेऊन आलं आणि बोलणं तुटलं.

पंप उतरवल्यावर त्याने पुढचं सांगितलं. एक म्हातारा सायकल घेऊन आला आणि म्हणाला, पोरा, जरा सायकल धर, चेन पडली. याने उतरून धरली. म्हातारा बराच वेळ चेनशी खटपट करत बसला. मग म्हणाला, आता घरापर्यंत सोबत चल, पुन्हा पडली तर. घरी भाकरी खायला घातली. "चेन पडलेलीच नव्हती. मला नंतर कळलं."

मी म्हणालो, म्हणजे ओळखच खोट्याने झाली. त्याने खाली पडलेले तारेचे तुकडे वेचायला घेतले. माझा मुद्दा त्याला पटला असावा.

घरी हे प्रमिलाला सांगितलं, पाण्याचा भाग विशेष करून. तिने हातातलं झाकण खाली ठेवलं. "तो कठडावर काबर बठना व्हता?" मी म्हणालो, पोरं बसतात पुलावर, त्यात काय. ती जेवली नाही. पित्त झालं म्हणे. मग त्याच्या डोक्याला तेल लावत बसली. तेवीस वर्षांच्या मुलाला.

गुरुवार, १९ जून

भूपेंद्र धुळ्याला परत गेला. तांब्याची तार घ्यायला जळगावला गेलो होतो, तिथून त्यांचं शास्त्र आणलं. विरुद्ध बोलायचं तर वाचून बोलावं, ऐकीव बोलणं माझ्या स्वभावात नाही. आठवडाभरात दीडशे पानं झाली. येशूची वंशावळ दोन ठिकाणी दिली आहे आणि आजोबांचं नाव दोन्हीकडे वेगळं आहे. पेन्सिलने खूण केली आणि लगेच फोन लावला.

तो म्हणाला, "मला माहीत नाही नाना. काकांनाही सांगता येणार नाही."

"मग मानता कसं?"

"चार दिवस मेलेल्या माणसाला त्याने बाहेरून हाक मारली, ती गोष्ट काकांनी पहिल्या दिवशी वाचून दाखवली होती. मला वाटलं, ती हाक मला आहे."

मी म्हणालो, चार दिवसांनी माणूस उठणं शक्य नाही, आणि तू तर जिवंत होतास. तो म्हणाला, "हो नाना. आता आहे."

या उत्तराला काही अर्थ नाही. तरी नोंद करून ठेवतो.

रविवार, २९ जून

न कळवता धुळ्याला गेलो. पत्ता शोधायला वेळ लागला, म्हणून पुन्हा लागला तर असावा असा नीट बघून घेतला. पिठाच्या गिरणीच्या बोळात, उजव्या हाताचं निळ्या दाराचं घर. समोरची खोली, मागे मोरी, मोरीतून मागच्या गल्लीत उघडणारं पत्र्याचं दार.

मला वाटलं होतं गोरे लोक असतील, फोटो काढत असतील. तसं काही नव्हतं. भाजी विकणाऱ्या दोन बाया, एक रिक्षावाला, एक शाळेतली सेविका तिच्या मुलीसह, आणि माझा मुलगा ढोलकीवर. त्याला ढोलकी येते हे मला ठाऊक नव्हतं. गाणं आपल्या अहिराणीतच होतं. बरं वाजवत होता, फक्त लय जरा पुढे पळत होती. तसं मी नंतर त्याला सांगितलं.

आधार म्हणजे काटक म्हातारा, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. "या भाऊ, बठा. च्या लेशात ना? तुम्हना पोर्‍या भलता गुनी शे. एकला पडी जायेल व्हता, बस."

मी म्हणालो, त्याला आईबाप आहेत. एकटा कसा?

"शेत ना," म्हातारा म्हणाला. "म्हनीसन तं मी त्याले रोज सांगस, नानाले सांग, नानाले सांग. सहा महिना लागनात त्याले." आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. "त्या रोज त्याना हात बरफना मायक व्हता भाऊ." मी हात सोडवून घेतला. डिसेंबरात धुळ्यात थंडी असतेच.

डोक्यावरचा पंखा खडखडत होता. मला ते ऐकवत नाही. बेअरिंग गेलेलं होतं, कंडेन्सरही उतरलेला. चौकातून दोन्ही आणले, स्टूल मागितलं आणि बसवून दिलं. पंखा आवाज न करता फिरायला लागला तशी सगळी मंडळी हात जोडून देवाचे आभार मानायला लागली. पंखा मी दुरुस्त केला, आभार दुसऱ्याचे. भूपेंद्र खाली मान घालून हसत होता. मलाही हसू आलं, पण दाबलं.

स्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "नाना, तुम्ही आलात." एवढंच. पुढे काही बोलेल म्हणून मी थांबलो, तर बस लागली.

रविवार, १३ जुलै

गावाहून रुपचंदआबा आले. माझे थोरले भाऊ. आमच्या भाऊबंदकीची कानबाई त्यांच्या घरी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी मांडायची, त्याआधी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची एकेक मूठ धरायची, ते गहू धुतलेल्या चक्कीवर दळायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. हे रोट फक्त रक्ताच्या माणसाने खायचे. गाईकुत्र्याला नाही, शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही नाही. आणि कोणाच्या पानात उरू द्यायचे नाहीत. मूठ धरली आणि रोट उरला तर तो अपशकुन सगळ्या घराण्याला.

आबा चहाला हात न लावता म्हणाले, "भूपेंद्रनी मूठ धरनी का नही?"

मी म्हणालो, का धरू नये?

"गावमां बठ्ठासले मालूम शे. मना किरण धुळाले र्‍हास ना, त्याना कानवर उनं. तुना पोर्‍या खाई का रोट? मूठ धरी आन् त्यानी नही खादा मंग?"

"खाईल. माझा शब्द."

प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "त्याले तं इचारा." आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

मग आबा जरा मवाळ झाले. म्हणाले, पोरगा आपला आहे, वाईट तो म्हातारा. चार समजदार माणसं जाऊन त्याला समजावून सांगतील. राहतो कुठे? मी सांगितलं. आबांना बोळ लक्षात येईना, म्हणून फरशीवर खडूने आखून दाखवलं: गिरणी, बोळ, निळं दार, मोरी, मागचं पत्र्याचं दार. कोणत्या वारी, किती वाजता, किती माणसं तेही सांगितलं. अर्धवट माहिती मी कोणाला देत नाही. आबांनी मोबाइलमध्ये फरशीचा फोटो काढला.

ते गेल्यावर प्रमिलाने ओल्या फडक्याने फरशी पुसली. मी म्हणालो, एवढी काय घाई? ती म्हणाली, "समजाडाले जास त्यासले मागलं दार कसाले लागस?"

बायकांना प्रत्येक गोष्टीत शंका.

सोमवार, २१ जुलै

काल प्रार्थना चालू असताना पंधरा-वीस पोरं मोटारसायकलींवर गेली. आमिष दाखवून धर्म बाटवतात म्हणत आत घुसली. आधारला ओढून बाहेर काढलं आणि पायरीवरून ढकललं. खुब्याचं हाड मोडलं. भूपेंद्र त्याच्या अंगावर पडला म्हणून डोक्यात बसायचा रॉड याच्या डाव्या हातावर बसला. दोन बोटं मोडली. नंतर पोलीस आले. तक्रार पोरांनीच आधी दिलेली होती, म्हणून जबाबासाठी याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. बोटं तशीच.

मी आज पहिल्या बसने गेलो. ढोलकी फुटलेली, पंख्याची पाती काठीने वाकवलेली. मी घातलेलं बेअरिंग मात्र शाबूत होतं. हाताने फिरवून बघितलं.

भूपेंद्र पायरी धूत होता, एका हाताने. म्हणाला, "त्यांनी बोळात कोणाला विचारलं नाही नाना. सरळ आले. मागच्या दारालाही दोघं उभे होते. आम्ही बायकांना तिकडून काढणार होतो." मग म्हणाला, "त्यातला एक आपला किरण होता. माझ्याकडे बघितलं आणि रुमाल वर ओढून घेतला."

मी बादली उचलून पायरीवर पाणी ओतलं.

मला आबांनी समजावून सांगायला जाणार असं सांगितलं होतं. विचारलं ते मी सांगितलं. जे खरं होतं तेच सांगितलं. एखाद्याने मोटार दुरुस्त करून नेली आणि तिने दुसऱ्याच्या विहिरीतलं पाणी उपसलं, तर दोष मेकॅनिकचा नाही. हे मी बसमध्ये पुष्कळ वेळा मनात मांडून बघितलं. कुठे तुटत नाही. तरी गिरणीच्या बोळातून बाहेर पडताना मी स्टँडच्या उलट्या बाजूला वळलो. वयामुळे असेल.

शुक्रवार, २५ जुलै

दवाखान्यात डबा घेऊन गेलो. प्रमिलाचा हट्ट. आधारच्या पायाला वजन लावून झोपवलं आहे. लघवीची नळी. भूपेंद्र तिथेच खाली चटईवर असतो. पुस्तकं खोलीवर पडलेली, पुढच्या महिन्यात परीक्षा.

म्हातारा मला बघून म्हणाला, "पंखा बिघडी टाका पोर्‍यासनी, भाऊ. तुम्हनी मेहनत वाया गई."

मी म्हणालो, पुन्हा करून देईन.

"तुम्हना भूपेंद्रले घर लई जा. मी सांगस तं आयकत नही. मनी पोर नवापूरहून येई र्‍हायनी, ती करी मनं." थोडा दम घेतला. "पन एक ध्यान ठेवा. त्याले एकला नका ठेवा. बोलत र्‍हा. मार्कनं नका बोला, दुसरं काहीबी बोला."

मला शिकवतो, माझ्या मुलाशी कसं बोलायचं. तरी बाहेर बाकावर बसल्यावर प्रयत्न केला. मार्कांचं सोडून काय बोलावं ते पटकन सुचेना. शेवटी मी सबमर्सिबल पंपाच्या सीलबद्दल बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोन प्रश्नही विचारले, आणि प्रश्न चांगले होते.

मग मी रोटाचं काढलं. म्हणालो, तुझी मूठ धरलेली आहे.

"नाना, मी नाही खाऊ शकत. कामाला येतो. लाकडं फोडतो, पाणी भरतो, देवीच्या चौरंगाला हात लावू नको म्हणाल तर नाही लावत. पण खाणार नाही."

"मी शब्द दिलाय."

"मला न विचारता दिलात."

हे त्याच्या आईचं वाक्य. दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतं.

शनिवार, २ ऑगस्ट

फोन आला. उद्या गावी येतो म्हणाला, सगळ्यांना भेटायचंय. मी आबांना कळवलं, येतोय. प्रमिला म्हणाली, तो खाणार म्हणाला का? मी म्हणालो, ताट समोर आल्यावर, चुलते-भाऊ रांगेत बसल्यावर, खाईल. माझा मुलगा आहे. माझा शब्द खाली पडू देणार नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

काल दिवस मावळताना देवी बसली. आरती झाली, ओटीवर पुरुषांची पंगत बसली. मी, आबा, त्यांचा किरण, बाकी चुलतभाऊ आणि त्यांची मुलं, भूपेंद्रसह अकरा. भूपेंद्र माझ्या शेजारी. डाव्या हाताला प्लास्टर. दिवसभर त्याने उजव्या हाताने पाणी भरलं होतं. किरण समोरच्या रांगेत, मान वर करत नव्हता.

वहिनींनी रोट वाढले. दोन-दोन. खीर, गंगाफळाची भाजी. आबा म्हणाले, "चाला, ल्या देवीनं नाव."

भूपेंद्रने ताटाला हात जोडले. मला वाटलं, झालं. मग तो उभा राहिला.

"आबा, मी बसलो कारण तुम्ही माझी मूठ धरलीत. त्याचं मला बरं वाटलं. पण मी खात नाही. राग मानू नका." मग किरणकडे वळला. "किरण, आधारकाकांचा निरोप आहे. त्यांनी तुझं नाव पोलिसांना सांगितलेलं नाही. मीही नाही. तू घाबरून राहू नको."

किरणच्या हातातला घास ताटात पडला. कोणीतरी म्हणालं, "हाकला याले." आबा माझ्याकडे बघत होते. "लीलाधर, तुना शबद."

भूपेंद्र ओटी उतरून, चपला घालून चालू लागला. मी हात न धुता तसाच मागे गेलो. मारुतीच्या पारापाशी त्याला गाठलं. शेवटची बस यायची होती.

म्हणालो, पंगतीतल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांचा अपमान केलास.

तो म्हणाला, "काकांना उद्या नवापूरला नेताहेत, त्यांच्या मुलीकडे. ते आता चालणार नाहीत. ती एकटी आहे, शाळेत जाते. दिवसभर त्यांचं करायला मी जातोय. तिथेच बाप्तिस्मा घेईन."

"परक्या म्हाताऱ्याचं हगणंमुतणं काढायला जाशील? परीक्षा?"

"त्यांनी माझ्यासाठी सायकल थांबवली होती नाना."

मी म्हणालो, आणि मी? तीन वर्षं मी तुझ्यासाठी काय केलं नाही?

तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. बसचे दिवे वळणावर दिसले तेव्हा म्हणाला, "नाना, पत्ता तुम्ही सांगितलात ना?"

"विचारला म्हणून सांगितला."

"मागचं दारही?"

"हो."

त्याने मान हलवली. चेहऱ्यावर राग शोधला, मला सापडला नाही. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणी इतकं नीट सांगितलंच नसतं." मग वाकून पाया पडला, प्लास्टरचा हात मागे धरून. "आईला फोन करत जाईन. तुम्हीही घ्या मध्ये मध्ये." बस थांबली. चढला.

हे सगळं मी लिहितो आहे, पण यात बिघाड नेमका कुठे ते मला अजून सांगता येत नाही. पांझरेचा पूल, कठडा, बर्फासारखा हात, हे मला तेव्हाही कळलं होतं की काय, असं आज सकाळपासून वाटतं आहे. प्रमिलाला विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, "तुम्ही पानीनं सांगं, तव्हंच."

काल बस गेल्यावर ओटीवर परत आलो तेव्हा पंगत तशीच होती. कोणी उठलेलं नव्हतं. उठताच येत नाही, एका पानात रोट असताना. भूपेंद्रच्या ताटात दोन्ही रोट, खिरीवर साय धरलेली. आबा म्हणाले, "आते कोन खाई हाई?" किरणने हात पुढे केला. मी त्याचा हात बाजूला केला, ताट माझ्याकडे ओढलं आणि खायला बसलो. माझे दोन आधी, मग त्याचे दोन. रोट जाड असतो, घशाखाली लवकर उतरत नाही. आबा म्हणाले, पानी पे. मी घेतलं नाही. सगळे बघत होते. खीर पुसून खाल्ली, भाजीची फोडसुद्धा ठेवली नाही.

आज सकाळी देवी बोळवून परत येताना आबांनी विचारलं, येत्या वर्षी मुठी किती धरायच्या.

मी म्हणालो, अकरा.

"आन् त्याना रोट कोन खाई?"

म्हणालो, मी आहे तोवर मी.